आधी पर्सबद्दल बोला, रेसिझमबद्दल नंतर

ताई, तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगा दहावीत, ट्रॅक टीममधला त्याचा ब्लॅक मित्र पहिल्यांदाच घरी आला होता. तो हात धुवायला गेला तेवढ्यात पुण्याहून आलेले तुमचे सासरे मराठीत म्हणाले, "पाकीटबिकीट आत ठेवा गं, ह्या लोकांचा भरवसा नसतो", आणि तुम्ही काही न बोलता किचन काउंटरवरची तुमची पर्स उचलून बेडरूममध्ये ठेवून आलात. मुलाने बघितलं. मित्र गेल्यावर तो एवढंच म्हणाला की तुम्ही सगळे रेसिस्ट आहात, आणि खोलीत गेला. आता तीन आठवडे झाले, धड बोलत नाही, जेवतो आणि उठतो. मिस्टर म्हणतात इथल्या शाळेत हेच भरवतात डोक्यात. आणि तुम्ही विचारलंय की ह्या विषयावर मुलाशी मोकळेपणाने बोलायचं कसं, सुरुवात कुठून करायची.

मी एकोणीस वर्षं इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे आणि गेली काही वर्षं आपल्या लोकांचे छोटे गट घेते ह्याच विषयावर, दहा-बारा आईबाप, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये, चहा आणि चकल्या असतात, रडणंही असतं. तेव्हा जे सांगतेय ते ह्या अनुभवातून.

सगळ्यात आधी, तुम्ही पर्सचं लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे. सगळं सासऱ्यांवर ढकलून मोकळं होता आलं असतं, बहुतेक जण तेच करतात, "आमचे बाबा जुन्या विचारांचे हो" असं म्हणतात आणि विषय संपवतात. पण तुमच्या मुलाचं दुखणं आजोबांचं वाक्य नाहीये असं मला वाटतं. आजोबांकडून त्याला तेवढीच अपेक्षा असेल. त्याने आईचा हात बघितला. आणि त्याच्याहून वाईट म्हणजे त्या मित्रानेही बघितलं असेल, आत जाताना पर्स काउंटरवर होती आणि बाहेर आल्यावर नव्हती, ब्लॅक मुलांना हे असलं लगेच कळतं, त्यांना लहानपणापासून दुकानात मागेमागे फिरणारे लोक माहीत असतात. मराठी कळायची काही गरजच नाही त्याला.

म्हणून माझं पहिलं सांगणं, मुलाशी रेसिझमबद्दल बोलू नका, पर्सबद्दल बोला. रेसिझम हा एवढा मोठा शब्द आहे की त्याच्यामागे आपण सगळे लपू शकतो. आपण तासभर अमेरिकेचा इतिहास बोलू, पोलिसांवर बोलू, ट्रम्पवर बोलू, आणि पर्स तशीच राहील. आपल्याकडे पेपरात वर्णद्वेष म्हणतात, तो शब्द वाचला की दक्षिण आफ्रिका आठवते, आपल्या घरातलं काउंटर आठवत नाही.

माझंच सांगते. मुलगी सात वर्षांची होती, नणंदेला घ्यायला आम्ही नेवार्कच्या पेन स्टेशनला चाललो होतो. सिग्नलला गाडी थांबली, समोरून दोन ब्लॅक माणसं रस्ता ओलांडत होती, एकाच्या हातात लाँड्रीची पिशवी होती मला अजून आठवतं, आणि मी दाराचं बटण दाबलं. क्लिक. मला जाणवलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात एडिसनमध्ये आमच्याच घराजवळच्या सिग्नलला थांबलो, एक गोरा माणूस कुत्रा घेऊन चालला होता आणि मागच्या सीटवरून पोरगी म्हणाली, "आई, इथे लॉक नाही का करायचं?" तिला बिचारीला खरंच प्रश्न पडला होता, नियम काय आहे ते ती शिकत होती. मी तेव्हा शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना समानता शिकवत होते हो, त्याचे पैसे घेत होते. त्या दिवशी मी काय उत्तर दिलं असेल? म्हणाले, "ते डाऊनटाऊन आहे ना, गर्दी असते." सरळ खोटं. आणि तिला ते कळलं, कारण आपल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर त्याच्या दुप्पट गर्दी असते आणि तिथे मी कधीच लॉक करत नाही.

ही गोष्ट मी गटात सांगते तेव्हा दोन मिनिटं कोणी बोलत नाही आणि मग एकेक जण आपापलं क्लिक सांगायला लागतो. कोणी लिफ्टमध्ये मागे सरकतो, कोणी घर बघताना एजंटला "क्राउड कसा आहे" विचारतो. आपण मुलांना तोंडाने फार चांगलं शिकवतो ताई, सगळी माणसं सारखी वगैरे. हाताने वेगळं शिकवतो. मुलं हात बघतात.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं. जेवणाच्या टेबलावर नको, तिथे सगळे समोरासमोर असतात आणि कोर्टासारखं होतं, शिवाय आजोबा आहेत. गाडीत बरं पडतं, प्रॅक्टिसवरून आणताना, दोघांची नजर रस्त्यावर असते, त्या वयाच्या मुलांना डोळ्यांत बघून बोलणं जड जातं. आणि पहिलं वाक्य प्रश्न नको. "तुला आमच्याबद्दल असं का वाटतं?" हे नको, त्यात त्यालाच पुरावा द्यायला लावतोय आपण. पहिलं वाक्य तुमच्या कृतीचं असू दे, साधं, जसं घडलं तसं. "त्या दिवशी तुझा मित्र आला तेव्हा मी पर्स उचलून आत ठेवली. तो ब्लॅक आहे म्हणून ठेवली. तुझे गोरे मित्र आले, देशी मित्र आले, तेव्हा कधी ठेवली नव्हती. ते चुकीचं होतं आणि मला त्याची लाज वाटतेय." एवढंच. मराठीत म्हणा, इंग्लिशमध्ये म्हणा, मिसळून म्हणा, जशी तुमची घरची भाषा असेल तशी. "तो ब्लॅक आहे म्हणून" हे चार शब्द गिळू नका मात्र, सगळा जीव तिथे आहे. गटात मी आयांना हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावते आणि निम्म्याजणी "म्हणून" पाशी थांबतात, घसा भरून येतो.

आणि त्यानंतर गप्प बसा. खरंच गप्प. हे सगळ्यात अवघड. कारण आपल्या तोंडातून लगेच "पण" येतं. पण आजोबा म्हणाले म्हणून. पण माझ्या ऑफिसात माझी सगळ्यात जवळची कलीग ब्लॅक आहे. पण आपल्याला पण किती भोगावं लागतं ह्या देशात. ही तिन्ही वाक्यं कदाचित खरी असतील, तरी त्या क्षणी ती दार बंद करतात. मुलाला ऐकू काय येतं, तर मी आईला समजून घ्यावं अशी तिची अपेक्षा आहे, म्हणजे परत त्याच्यावरच काम. तिसरं वाक्य तर विशेष जपून, आपल्याला भोगावं लागतं ते खरं आहे आणि त्यावर स्वतंत्र बोललंच पाहिजे, पण दुसऱ्याच्या दुखण्यावर उत्तर म्हणून आपलं दुखणं काढलं की ते वादात वापरल्यासारखं होतं.

तो कदाचित काहीच बोलणार नाही. "ओके" म्हणेल आणि इअरबड घालेल. चालेल. तुम्ही बोललात ते पोचलेलं असतं, दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी कधीतरी रात्री अकरा वाजता फ्रीजपाशी उभा राहून तो काहीतरी विचारेल. तेव्हा झोप येतेय म्हणू नका.

मिस्टरांचं म्हणणं, की शाळेत हेच शिकवतात. हो, शिकवतात, आणि कायद्याने शिकवतात. न्यू जर्सीत २००२ च्या कायद्यापासून ब्लॅक लोकांचा इतिहास हा शाळेच्या अभ्यासाचा भाग आहे, आणि २०२२ मध्ये एशियन अमेरिकन लोकांचा इतिहास शिकवायचा कायदा झाला, त्यात आपण पण येतो. म्हणजे पोराला ह्यातलं आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि आपण इथे तिशीत आलो, आपल्याला फक्त ग्रीन कार्डचा इतिहास माहिती. मुलाकडून हे ऐकणं म्हणजे वादात हरणं असं समजू नये त्यांनी, एवढं माझं नाव सांगून सांगा हवं तर.

एक गोष्ट मात्र शाळेतून सहसा घरापर्यंत येत नाही, आणि ती तुम्ही मुलाबरोबर बसून बघा असं मी सांगेन, कारण पुढे कधीतरी तो विचारणारच की आपण ह्या गावात घर का घेतलं. आपण सगळे एकच उत्तर देतो, स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं, एरिया सेफ. मी पण हेच दिलं होतं. आता हा "चांगला एरिया" झाला कसा ते बघा. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारी संस्थेने दोनशेच्या वर शहरांचे नकाशे बनवले, कुठल्या वस्तीत घराला कर्ज देणं सुरक्षित ते दाखवायला. हिरवा सगळ्यात चांगला, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. प्रत्येक वस्तीचा एक फॉर्म होता आणि त्या फॉर्मवर घरं किती जुनी, भाडं किती, ह्याबरोबर एक रकाना निग्रो लोक आहेत का आणि किती टक्के हा होता. ब्लॅक लोक राहतात म्हणजे जवळजवळ नेहमी लाल. १९३४ ला सुरू झालेली सरकारी गृहकर्ज हमीही मग अशा वस्त्यांत मिळेना, आणि नवीन सबर्ब्स उभी राहिली तिथे बिल्डर ब्लॅक माणसाला घर विकेनात. आपल्या न्यू जर्सीतच लेविटटाऊन, आता ज्याला विलिंगबरो म्हणतात, तिथल्या बिल्डरला १९६० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगावं लागलं की बाबा असं करता येणार नाही. घर विकताना भेदभाव करायचा नाही असा देशाचा कायदा व्हायला १९६८ चा एप्रिल उजाडला, मार्टिन ल्यूथर किंगना गोळ्या घातल्या त्याच्या आठवड्याभरात सही झाली त्याच्यावर. तोपर्यंत गोऱ्या कुटुंबांच्या एका पिढीची घरं होऊन त्यांच्या किमती वाढून बसल्या होत्या. आणि इथे शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो हे तुम्हाला दर तिमाहीला कळतंच. महाग घरं, श्रीमंत शाळा, मग चांगलं डिस्ट्रिक्ट, मग आपण तिथे घर घेतो.

ते नकाशे रिचमंड विद्यापीठाने नेटवर फुकट ठेवलेत. नेवार्कचा उघडा आणि मुलाबरोबर बघा, लाल भाग कुठला, आज आपण गाडीचं दार कुठे लॉक करतो. मी माझ्या मुलीबरोबर बसले होते, ती तेव्हा अकरावीत. ती काहीच बोलली नाही, फक्त स्क्रीनवर त्या स्टेशनपाशी बोट ठेवलं. तिला ती लाँड्रीची पिशवी आठवत होती. दहा वर्षं झाली होती. मग मी तिला सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले होते. ती म्हणाली "आय नो". दहा वर्षं ती ते घेऊन फिरत होती आणि मी समजत होते ती विसरली.

पुढचा भाग आपल्या इथे असण्याचा, हाही मुलाला सांगण्यासारखा आहे आणि मिस्टरांनाही. भगतसिंग थिंद म्हणून एक पंजाबी माणूस होता, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याने नागरिकत्व मागितलं. तेव्हा बाहेरून आलेल्यांत फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना नागरिक होता यायचं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तू गोरा नाहीस. आणि आधी ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं त्यातल्या कित्येकांचं काढून घेतलं. इथपर्यंत अन्यायाची गोष्ट आहे, अंगावर काटा येतो. पण त्याच्या बाजूने कोर्टात युक्तिवाद काय होता ते बघा, की तो उच्च जातीचा हिंदू आहे, आर्य रक्ताचा आहे, आणि उच्च जातीचे हिंदू आपल्याकडच्या आदिवासींशी लग्नाच्या बाबतीत तसेच वागतात जसे अमेरिकन गोरे निग्रोंशी. म्हणजे आम्हीपण तुमच्यासारखेच, आमच्याकडेही खाली कोणीतरी आहे, तेव्हा आम्हाला वर घ्या. ही केस मी गटात सांगते तेव्हा पहिल्या अर्ध्या भागाला सगळे माना हलवतात आणि दुसऱ्या अर्ध्याला खोलीत शांतता होते. मला वाटतं आपली सगळी अडचण त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

नंतर १९४६ मध्ये कायदा बदलला, नागरिकत्व मिळायला लागलं, पण अख्ख्या भारतातून इथे यायची परवानगी वर्षाला फक्त शंभर माणसांना. शंभर! आपण सगळे, तुम्ही मी, आपले एच-वन वाले, इथे कायमचे राहू शकलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. आणि तो कायदा आला कधी, तर सिव्हिल राइट्सचा कायदा १९६४ ला, ब्लॅक लोकांच्या मतदानाचा १९६५ च्या ऑगस्टमध्ये, आणि हा त्याच ऑक्टोबरमध्ये. ज्या लोकांनी पोलिसांच्या कुत्र्यांचे चावे आणि पाण्याचे फवारे झेलून हे वारं फिरवलं त्यांच्याच नातवंडांपासून आपण पर्स लपवतो. मुलाला हे ठाऊक असेल. आपण आपणहून म्हटलं तर त्याला फार वेगळं वाटतं.

आता आजोबा. इथे माझा सल्ला पोरापेक्षा वेगळा आहे. आजोबांसमोर रेसिस्ट शब्द काढू नका, त्यांना ती शिवी वाटते, आणि सूनबाईने शिवी दिली एवढंच लक्षात राहतं. त्यांच्याशी मराठीतच बोला आणि मिस्टरांनी बोललेलं बरं, त्यांचे वडील आहेत, हे काम सुनेच्या गळ्यात घालू नये. सुरुवात काय करायची, तर २०१५ ची एक गोष्ट सांगा. अलाबामात मॅडिसन गावात सुरेशभाई पटेल म्हणून ५७ वर्षांचे गृहस्थ मुलाकडे आले होते, नातवाला सांभाळायला, येऊन थोडेच दिवस झालेले. सकाळी घराबाहेर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की कोणीतरी बारीक, काळा माणूस फिरतोय, घरांकडे बघतोय. पोलिस आले, त्यांना इंग्लिश येत नव्हतं, "नो इंग्लिश" म्हणाले, पोलिसाने जमिनीवर आपटलं, मानेला एवढी इजा झाली की अंग काही अंशी लुळं पडलं. तुमचे सासरेही रोज सकाळी सबडिव्हिजनला चक्कर मारत असतील, कानटोपी घालून, हात मागे बांधून, लोकांच्या बागा बघत. त्यांना सांगा की बाबा, त्या शेजाऱ्याने फोनवर जे केलं तेच आपण पाकिटाचं केलं. माणूस बघितला नाही, रंग बघितला. मी बऱ्याच आजोबांना ही गोष्ट सांगितलीये. ते वाद घालत नाहीत. गप्प होतात, मग विचारतात, पुढे काय झालं त्या पटेलांचं.

आजी असतील तर त्यांना वेगळं विचारता येतं. तुमच्या कांदेपोह्याच्या कार्यक्रमात रंगावरून कोण काय बोललं होतं? ह्या एका प्रश्नावर मी साठ-सत्तर वर्षांच्या बायकांना तास तास बोलताना बघितलंय. सावळी आहे पण तरतरीत आहे. रंग उतरलाय पण नाकीडोळी नीटस. उन्हात जाऊ नको, आधीच कोण करणार आहे तुला. पन्नास वर्षांपूर्वीचं वाक्य, शब्द न शब्द पाठ असतं. आणि त्याच आजी इथे नातीला डाळीच्या पिठाने चोळत असतात. आमच्या मराठी शाळेत मी एकदा बघितलं, सहा-सात वर्षांची मुलं गणपती आणि आपलं कुटुंब रंगवत होती, आणि एक मुलगी म्हणाली "स्किन कलर दे ना", आणि शेजारच्या मुलाने तिला फिकट पीचचा खडू दिला. टेबलावर सगळे हात गव्हाळ, सावळे, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. क्रेयोलाने १९६२ मध्येच त्या खडूचं नाव बदललं, आधी त्याला फ्लेश म्हणायचे, पण आपल्या पोरांच्या तोंडी अजून स्किन कलर म्हणजे तोच. काळ्या माणसाची भीती ही काही आपण अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावर उचलली नाही ताई, अर्धी इथली आहे आणि अर्धी बॅगेतून आलीये.

आणि त्या बॅगेत जात आहे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमचा मुलगा हुशार आहे आणि तो आज ना उद्या विचारणार की आपण कोण, आपल्या लोकांनी काय केलं. मराठीत वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण पण, शब्दच एक आहे. तुमची जात मला माहीत नाही आणि विचारतही नाही, माझं सांगते. आमच्या सांगलीच्या घरी मोरीपाशी खिडकीत एक कप असायचा, टवका उडालेला, निळ्या फुलांचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. आजी त्यात वरून चहा ओतायची, कप कपाला लागू न देता. मावशींना आजी "आमच्या घरातल्याच आहेत" म्हणायची आणि मनापासून म्हणायची, त्यांच्या मुलीच्या लग्नाला तिने पातळ दिलं होतं. आणि कप खिडकीत. मी गटात हे पहिल्यांदा बोलले तेव्हा माझा आवाज कापत होता, कारण आजीवर माझं फार प्रेम होतं, अजून आहे. पण गाडीच्या दाराचं बटण दाबणारा माझा हात कुठे शिकला हे मला तो कप आठवल्यावरच कळलं.

त्या दिवशी गटात एक बाई होत्या, त्या म्हणाल्या की माझी आजी अशाच एका घरी कामाला होती. आणि इथे महाराष्ट्र मंडळात कोणी ओळख करून घेताना "पूर्ण नाव काय, मूळचे कुठले" विचारलं की आम्हाला कळतं काय विचारतायत, मुलांना आम्ही सांगून ठेवलंय काय उत्तर द्यायचं. मी नुसतं ऐकलं. माफी मागायला तोंड उघडलं होतं पण मग वाटलं की आता मला बरं वाटावं म्हणून मी बोलणार, तेव्हा थांबले. नंतर चहा घेताना त्याच म्हणाल्या, बरं केलंत कपाचं बोललात. तेवढंच.

रंगाची आणि जातीची ही नाती जोडायला बाहेर कुठे जायला नको हो, आपल्याच मातीतल्या लोकांनी ती दीडशे वर्षांपूर्वी जोडून ठेवलीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना ज्यांनी गुलामांना मोकळं करायला झीज सोसली, आपल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यात बसून! बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात आले, ब्लॅक वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्लेमच्या शेजारी, आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस ह्या थोर ब्लॅक विचारवंताला पत्र लिहिलं, की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करतायत त्याची प्रत मला हवी, आमच्या लोकांसाठी उपयोग होईल. १९७२ ला मुंबईत दलित पँथर झाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. तुमच्या मुलाला हे माहीत नसण्याची शक्यता आहे, शाळेत हे नाही. हे तुम्ही त्याला द्या. मुलांना आपल्या आईबापाच्या भाषेत असं काही सापडलं की ती पाठ ताठ करून ऐकतात, मी बघितलंय.

त्याचा मित्र. मुलाला निरोप्या करू नका, "त्याला सॉरी सांग आमच्याकडून" असलं नको. आणि मुलाला आधी विचारा की मित्राशी तो काय बोललाय, त्याला तुम्ही बोललेलं चालेल का, कारण मैत्री त्याची आहे. चालेल म्हणाला आणि मित्र परत आला तर साधं बोला. "मागच्या वेळी मी पर्स आत नेली ते मला करायला नको होतं, आय ॲम सॉरी." एक वाक्य, मग जेवायला वाढा. रडू नका त्याच्यासमोर, तो मुलगा पंधरा वर्षांचा आहे, तुमची समजूत काढायला लागेल तो, त्यांना ती सवय लावलेली असते जगाने. त्याच्यासाठी खास काही करू नका, पाच पदार्थ वगैरे. बाकीच्या मित्रांना जसं पोहे नाहीतर पिझ्झा देता तसंच. पर्स जिथे असते तिथे असू द्या, ठेवून दाखवायलाही नको. आणि तो यायला नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, मुलाला त्यावरून गळ घालू नका.

तुमच्या मुलाला स्वतःला शाळेत काही ऐकावं लागतं का, हे पण विचारा, पण ह्या संभाषणात नको, वेगळ्या दिवशी. डब्याच्या वासावरून, नावावरून, "परत जा" वरून. आपली मुलं हे घरी सांगत नाहीत कारण आपण म्हणतो दुर्लक्ष कर, अभ्यासात पुढे जा म्हणजे आपोआप तोंडं बंद होतात. नाही होत. १९८७ साली जर्सी सिटीत आपल्या लोकांवर हल्ले करणारी टोळी स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवायची, डॉट म्हणजे आपली टिकली. तेव्हा तिथे राहिलेल्या एका काकू मला सांगायच्या की बसस्टॉपवर जाताना टिकली काढून पाकिटाच्या आत चिकटवायच्या आणि ऑफिसात पोचलं की परत लावायच्या. त्यांनी मुलांना हे तीस वर्षं सांगितलं नव्हतं. ज्या घरात स्वतःला लागलेलं बोलता येत नाही तिथे दुसऱ्याला लावलेलं पण बोललं जात नाही, असं माझं मत होत चाललंय.

आणखी एक, मुलगा कधीकधी टोकाचं बोलेल, टिकटॉकवर ऐकलेलं, तुमच्यावर जरा अन्याय करणारं. ते लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. माझी मुलगी मला एकदा म्हणाली की तू काउन्सेलर असून तुझं सगळं ढोंग आहे. लागलं मला. मी म्हणाले, आत्ता मला उत्तर सुचत नाहीये, उद्या बोलते, आणि खरंच दुसऱ्या दिवशी बोलले. उद्या म्हटलं तर उद्या बोलायचं मात्र, नाहीतर तो शब्द फुकट जातो.

सासरे तीन आठवड्यांनी परत जाणार असं लिहिलंय तुम्ही. मिस्टरांनी त्याआधी त्यांच्याशी बोललं पाहिजे, सकाळच्या चकरेला बरोबर जाऊन, आणि जमलं तर मुलाला कळू द्या की बोलणं झालं, काय झालं ते सगळं नको, झालं एवढं पुरे. आणि तुमचं गाडीतलं बोलणं त्याच्यासाठी अडवून ठेवू नका, पुढची प्रॅक्टिस कधी आहे त्या दिवशी तुम्ही आणायला जा.